वकीलपत्र नाकारण्याचा ठराव करण्यापूर्वी : मराठवाड्यातील वकील संघांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या जिल्हा व तालुका वकील संघांचे अध्यक्ष आणि सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी वकील नाही. मराठवाड्यातील एका जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षे लघुलेखक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. डायसखालच्या खुर्चीत बसून साक्षी, उलटतपासण्या आणि निकाल टंकलिखित करण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे कायद्याचे माझे ज्ञान पुस्तकातले कमी आणि बोटांतले जास्त आहे. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांचे युक्तिवाद मी लिहून घेतलेले आहेत. त्या जुन्या ओळखीच्या बळावर हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे आता एक रीत पडली आहे. एखादा अमानुष गुन्हा घडला की गाव बंद होते, मोर्चा निघतो, ‘आरोपींना फाशी द्या’ असे फलक झळकतात आणि दोन-चार दिवसांत कुठल्यातरी वकील संघाचा ठराव वर्तमानपत्रात येतो की या आरोपीचे वकीलपत्र आमच्यापैकी कोणीही घेणार नाही. मोर्च्यातल्या माणसांबद्दल मला तक्रार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर बीडमध्ये आणि इतर जिल्ह्यांत जे लोक रस्त्यावर उतरले, त्यांचा संताप खरा होता. ज्यांच्या घरातला माणूस असा मारला जातो त्यांनी सौम्य शब्द वापरावेत, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. माझी तक्रार ठरावाबद्दल आहे. मोर्चा लोकांचा असतो, परंतु ठराव आपला असतो, आणि फाशीच्या न्याय्यतेचा प्रश्न जिथे खरोखर सुटतो किंवा कायमचा बिघडतो, त्याच जागेवर तो ठराव जाऊन आदळतो.

फाशी दिल्लीत ठरते अशी एक समजूत आहे. सर्वोच्च न्यायालय, राष्ट्रपतींकडील दयेचा अर्ज, मध्यरात्रीची सुनावणी हे सारे दूरचित्रवाणीवर दिसते म्हणून तसे वाटते. प्रत्यक्षात वरची सगळी न्यायालये सत्र न्यायालयात तयार झालेले कागदच वाचतात. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही हे खरे. पण जो प्रश्न उलटतपासणीत विचारलाच गेला नाही, त्याचे उत्तर औरंगाबाद खंडपीठाला पेपरबुकात, म्हणजे खालून आलेल्या खटल्याच्या बांधीव कागदांत, कुठून सापडणार? तो प्रश्न विचारणारा माणूस पहिल्या दिवसापासून आरोपीच्या बाजूला उभा असावा लागतो, आणि नेमका तोच माणूस आपला ठराव हटवतो.

आपल्याच भागातील एक प्रकरण मी विस्ताराने मांडतो, कारण ते मराठवाड्यात जेवढे चर्चिले जायला हवे होते तेवढे चर्चिले गेले नाही. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला आणि बलात्कारही झाला. गुन्हा इतका भयंकर होता की तो वाचतानाही हात थांबतात. त्यात जालना जिल्ह्यातील भोकरदन परिसरातले, भटक्या जमातीतले, मजुरीवर पोट भरणारे सहा जण पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत आणले. न्यायव्यवस्थेच्या तीन पायऱ्यांवर हे प्रकरण गेले आणि दोष सिद्ध झाल्याबद्दल तिन्ही ठिकाणी एकमत झाले. या सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे तर शिक्षा होऊन कित्येक वर्षे उलटल्यावर मान्य झाले.

पुढे ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच जुना निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार महिलेने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झाला नाही आणि ही बाब न्यायालयासमोर आणलीही गेली नाही. आरोपी भटक्या जमातीतले, अत्यंत गरीब मजूर असल्यामुळे त्यांना गोवले जाण्याची पूर्ण शक्यता आहे, अशी नोंद न्यायालयाने केली, प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्याला दिला आणि चुकीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करण्यास सांगितले. तोवर सोळा वर्षे गेली होती. पाच लाखांना सोळाने भागून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. वर्षाला एकतीस हजार दोनशे पन्नास रुपये येतात.

मधल्या सोळा वर्षांत कधीही त्यांचा दयेचा अर्ज फेटाळला गेला असता आणि दोर ओढला गेला असता, तर २०१९ चा निकाल लिहिण्याचे कारणच उरले नसते. आणि त्या शेतवस्तीवरील कुटुंबाला तरी काय मिळाले? ज्यांनी खरोखर ते कृत्य केले, त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचलेच नाही. बचाव दुबळा ठेवला म्हणजे पीडिताची बाजू बळकट होते, असे मानणाऱ्यांनी या प्रकरणाचे कागद एकदा जरूर वाचावेत.

आपण म्हणाल की एका चुकीवरून संपूर्ण व्यवस्थेबद्दल बोलू नये. हरकत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० नंतरच्या पंधरा वर्षांतील सत्र न्यायालयांच्या फाशीच्या शिक्षांचा माग काढला आहे. वरच्या न्यायालयांत निकाली निघालेल्या शिक्षांपैकी जेमतेम पाच टक्के कायम राहिल्या आणि जवळपास तीस टक्के प्रकरणांत आरोपी निर्दोष सुटले. फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते, असेही त्याच अभ्यासात आढळले. शंभरातील तीस जणांना आधी फाशी सुनावून नंतर ‘तुम्ही नव्हताच’ असे सांगावे लागत असेल, तर चूक हा अपवाद आहे असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

दोर कोणाच्या गळ्यात पडतो हा प्रश्न आपल्या भूमीत जुना आहे. मनुस्मृतीने प्राणदंडाच्या जागी ब्राह्मणाला मुंडनाची शिक्षा सांगितली. इतर वर्णांना मात्र देहदंडच होता. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना ‘देहान्त प्रायश्चित्त’ सांगितले, याचा आपण सगळे अभिमान बाळगतो आणि तो रास्तही आहे. मात्र त्या गोष्टीचा शेवट सांगताना आपला आवाज खाली येतो : शास्त्रीबुवा पद सोडून पुण्याबाहेर पडले आणि राघोबादादा जगले. त्याच काळात सामान्य गुन्हेगारांना हत्तीच्या पायी दिले जात होते, त्यांचा कडेलोट होत होता आणि तिथे कोणाची रदबदली चालत नव्हती.

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकातून आपण रोज जाता. तिथला काळा चबुतरा ही १८५७ ची जागा. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील ज्या शिपायांनी बंड केले, त्यांना लष्करी न्यायाची घाईघाईची चौकशी करून मारण्यात आले. कोणाला गोळ्या घातल्या, कोणाला तोफेच्या तोंडी दिले. ज्यांना त्या दिवशी सर्वांत नीच गुन्हेगार म्हटले गेले, त्यांच्या नावाने आज चौक आहे. प्रत्येक आरोपी उद्याचा हुतात्मा असतो असे मी अर्थातच म्हणत नाही. त्या दिवसाची खात्री आणि नंतरचे सत्य यांत किती अंतर पडू शकते, एवढेच तो चौक ओलांडताना माझ्या मनात येते.

याहून जवळचे उदाहरण आपल्याच जुन्या संस्थानाचे आहे. निजामाची राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली आणि त्यानंतर हैदराबाद राज्यात, म्हणजे आपले जिल्हे ज्या राज्यात होते तिथे, विशेष न्यायाधिकरणांनी तेलंगणाच्या शेतकरी लढ्यातील बारा जणांना फाशी सुनावली. आपल्याला वकील देण्याची पुरेशी संधीच मिळाली नाही, ही त्यांची प्रमुख तक्रार होती. प्रकरण नव्यानेच स्थापन झालेल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. परंतु ते निकाल २६ जानेवारी १९५० च्या आधीचे असल्यामुळे न्यायालयाने हात टेकले. अखेर सरकारने शिक्षा सौम्य केली म्हणून ते वाचले. स्वतंत्र भारतात फाशीवरून झालेल्या अगदी पहिल्या वादांपैकी हा एक, आणि त्याच्या मुळाशी वकील नसणे हेच होते.

दुसरी बाजूही याच इतिहासात आहे. फौजदारी खटल्यात आरोपी असलेल्या पोलिसांचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव कोइमतूरच्या वकील संघाने केला होता. तमिळनाडूच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे सर्वच ठराव घटनाविरोधी, व्यवसायाच्या नीतीला सोडून आणि म्हणून रद्दबातल असल्याचे सांगितले. आपल्या वकिलांनी कोणाकोणाचा बचाव केला, याची आठवण देताना न्यायालयाने जी नावे घेतली त्यांत हैदराबादचे रझाकारही आहेत. मराठवाड्यात रझाकार या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. माझी आजी मरेपर्यंत तो शब्द पुटपुटल्यासारखा उच्चारत असे. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी तर लातूरलाच वकिली करत होता. त्याच्यावरही रीतसर खटला चालला, शिक्षा झाली आणि ती भोगून तो १९५७ मध्ये सुटला. ज्या पिढीने रझाकारांच्या आगी डोळ्यांनी पाहिल्या, त्या पिढीच्या न्यायालयात रझाकारांना वकील मिळत होता. आपण त्यांच्याहून अधिक सोसले आहे का?

कायद्याचा प्रवास आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९५५ च्या दुरुस्तीपर्यंत खुनासाठी फाशी न देण्याची कारणे न्यायाधीशाला लिहावी लागत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते उलटवून फाशी देण्याची विशेष कारणे मागितली. १९८० मध्ये बच्चनसिंग प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी वैध ठरवली आणि ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. न्यायमूर्ती भगवतींनी विरोधी मत दिले. बहुमताच्या निकालातील एक गोष्ट मात्र आपल्या न्यायालयांत फारशी रुजली नाही. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहा आणि तो सुधारण्याची शक्यता उरलेली नाही, हे सरकार पक्षाने दाखवावे, असे तो निकाल सांगतो.

गुन्हेगार पाहतात कसा, हे मी माझ्या खुर्चीतून पाहिले आहे. माझ्या हातून फाशीचे दोन निकाल टंकलिखित झाले. फाशी लिहिल्यावर न्यायाधीश पेनची निब मोडतात असे सगळे सांगतात. आमचे साहेब बॉलपेनने सही करत, त्यामुळे मोडण्यासारखे काही नव्हते. पहिल्या प्रकरणात दुपारी बाराच्या सुमारास दोष सिद्ध झाल्याचे सांगितले गेले आणि शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकायचे म्हणून त्याला उभे केले गेले. जुन्या संहितेचे कलम २३५(२), आता नव्या संहितेचे २५८, ही संधी देते. खासगी वकील कोणी मिळाला नव्हता, म्हणून विधी सहाय्यातून नेमलेले तरुण वकील उठले आणि म्हणाले की आरोपी तरुण आहे, त्याचा पहिलाच गुन्हा आहे, घरी वृद्ध आईवडील आहेत, तरी दया दाखवावी. ते वाक्य त्यांनी पूर्ण करण्याआधीच मी टाइप करून मोकळा झालो होतो, कारण प्रत्येक खटल्यात हेच वाक्य असे. चार वाजता शिक्षा सुनावली गेली. निकाल एकशे बारा पानांचा झाला. गुन्ह्याची सगळी पाने, आणि ज्याला मारायचे त्या माणसाविषयी साडेतीन ओळी.

संध्याकाळी मी सायकल काढायला गेलो, तेव्हा लिंबाच्या झाडाखाली त्याची आई भाकरीचे गाठोडे घेऊन बसलेली होती. मी कोर्टातला माणूस आहे हे ओळखून तिने विचारले, “दादा, माझं नाव कव्हा पुकारणार? लेकराचं सांगायचं व्हतं.” तिला काय सांगायचे होते हे मी विचारले नाही. त्या लेकराची फाशी पुढे उच्च न्यायालयात जन्मठेपेत बदलली. दुसऱ्या प्रकरणातील आरोपी निर्दोष सुटला. म्हणजे मी टाइप केलेल्या दोन फाश्यांपैकी एकही टिकली नाही. तरीही त्या बाईचे नाव पुकारले गेले नव्हते, हे मला या दोन्ही निकालांपेक्षा अधिक टोचते.

तिला काय सांगायचे असेल याचा अंदाज मला २०२३ मध्ये आला. पुण्यातील १९९४ च्या एका सामूहिक हत्याकांडात फाशी झालेला एक जण गुन्ह्याच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी मान्य केले. पुरावा होता त्याच्या गावच्या शाळेचे दाखलखारीज रजिस्टर. एका रजिस्टरची नोंद न्यायालयापर्यंत पोहोचायला अठ्ठावीस वर्षे लागली आणि ती सगळी वर्षे त्याने तुरुंगात काढली. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या, पालावर राहणाऱ्या, सहा महिने गावात आणि सहा महिने परमुलखात असणाऱ्या किती मुलांची वये पोलीस ठाण्यात अंदाजाने लिहिली जात असतील! ते वय खोडून काढणारा कागद शोधण्याचे काम आरोपीच्या वकिलाखेरीज कोणीही करत नाही.

मी स्वतः फाशीच्या बाजूचा राहिलेलो नाही, हे आडपडदा न ठेवता सांगतो. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात फाशीची शिक्षा नसावी असे म्हटले होते. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील असावे का, यावर चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, अपिलाच्या तरतुदीपेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणे मला अधिक पसंत पडेल, असे मत मांडले आणि त्यासाठी अहिंसेच्या परंपरेचा दाखला दिला. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६२ व्या अहवालात दहशतवादाशी संबंधित गुन्हे वगळून ती रद्द करावी, अशी शिफारस केली. आपल्यापैकी अनेकांना हे पटणार नाही. खैरलांजीच्या प्रकरणात २०१० मध्ये सहा जणांची फाशी पंचवीस वर्षांच्या कैदेत बदलली, तेव्हा माझ्या ओळखीच्या अनेक घरांत तो अपमान वाटला होता, आणि त्या घरांशी वाद घालण्याची पात्रता माझ्यात नाही. पण या पत्रातील विनंतीसाठी फाशीविरोधी असण्याची गरजच नाही. उलट फाशी असावी असे ज्यांना वाटते, त्यांनी तर बचाव भक्कम असावा म्हणून अधिक आग्रह धरायला हवा. कच्च्या बचावावर उभी राहिलेली शिक्षा वरच्या न्यायालयात कोसळते आणि पीडितांच्या कुटुंबाला दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा पहिल्या दिवसाच्या दुःखात ढकलते.

विनंती अशी आहे की आपल्या संघाच्या ठराव वहीत वकीलपत्र न घेण्याचा एखादा जुना ठराव असेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत तो लेखी ठरावाने मागे घ्यावा आणि नवा करू नये. ज्या सदस्याला एखाद्या आरोपीचे काम नको वाटते, त्याने ते वैयक्तिक कारणाने नाकारावे. संघाच्या नावाने इतरांचे हात बांधू नयेत आणि जो वकील उभा राहील त्याच्या गाडीची काच फुटणार नाही, एवढे संघाने पाहावे. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा प्रकरणात न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाने नेमलेला वकील, म्हणून किमान दहा वर्षे वकिली केलेली व्यक्ती असावी आणि तिला तयारीसाठी किमान सात दिवस मिळावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितले आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत आता गरीब आरोपींचा मोफत बचाव करणारी लोकअभिरक्षक कार्यालये आहेत. तिथली मंडळी कष्टाळू आहेत, परंतु खुनाचा मोठा खटला एकट्याने ओढणे त्यांना जड जाते. आपल्यातील ज्येष्ठांनी वर्षाकाठी एक असे प्रकरण त्यांच्याबरोबर चालवले, तर फरक पडेल. आणि दोष सिद्ध झाला त्याच दिवशी शिक्षेवर युक्तिवाद करण्यास कृपा करून नकार द्यावा, तारीख मागावी. तारखा मागण्यात आपला हात कोणी धरणार नाही, हे मी एकतीस वर्षांच्या रोजनाम्यांच्या आधारे सांगू शकतो. ही एक तारीख मात्र खरोखर कामाची आहे. त्या मुदतीत शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद, तुरुंगातील वर्तनाचा अहवाल जमवता येतो आणि आई जिवंत असेल तर तिला साक्षीला बोलावता येते.

माझे टंकलेखन अजून चालू आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मोडी वाचता येते, जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्यांतील आणि शाळांच्या रजिस्टरांतील उर्दू आकडेही थोडेफार लागतात. शिक्षेच्या सुनावणीसाठी कोणाला असे उतारे काढून, टाइप करून हवे असतील तर मी ते विनामोबदला करून देईन. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील चहाच्या टपरीवर मी बहुतेक दुपारी असतो.

आपला नम्र,
एक निवृत्त लघुलेखक
छत्रपती संभाजीनगर